शुक्रवारची पिशवी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

रविवारी फोनवरचे आपले बोलणे अर्धवट राहिले. “सेवाच करायची होती तर हेमलकसा काय वाईट होते? तिकडे जाऊन गोऱ्यांच्या पोरांना खाऊ वाटायला आणि कुत्री सांभाळायला तुला डॉक्टर केले का?” असे बाबा म्हणाले आणि मी ओपीडीचे निमित्त सांगून फोन ठेवला. रविवारी माझी ओपीडी नसते हे तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे, त्यामुळे ते निमित्त कोणालाच पटले नसणार. फोनवर आपले भांडण होते आणि सांगायचे ते राहून जाते, म्हणून हे पत्र. बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला अजून पंधरा दिवसही झालेले नाहीत, तेव्हा आई, तू हे त्यांना सावकाश वाचून दाखव आणि ते मध्येच काही बोलले तरी वाचन थांबवू नकोस.

बाबा, तुमचा राग मुळात त्या संस्थेवर नाही हे मला कळते. डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात काम करण्याची माझ्या व्हिसाची तीन वर्षांची अट जूनअखेर पूर्ण होते आणि त्यानंतर मी न्यू जर्सीला ताईच्या जवळ जाईन, असे तुम्ही धरून चालला होता. त्याऐवजी मी केंटकीच्या या डोंगरांतच आणखी दोन वर्षे राहणार असे सांगितले, आणि कारण विचारल्यावर जिचे नाव घेतले ती संस्था चर्चच्या तळघरात भरते, तिच्यात पगारी माणूस एकही नाही, आणि ती लहान मुलांसाठी व बेवारस कुत्र्यांसाठी एकाच वेळी काम करते. तुमच्यासारख्या सहकार खात्यात उभी हयात लेखापरीक्षण केलेल्या माणसाला हे उद्दिष्टच संशयास्पद वाटणार. मलाही पहिले सहा महिने ते तसेच वाटत होते.

आधी या मुलखाविषयी थोडे सांगते, कारण “जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात भुकेली मुले कुठून आली?” हा तुमचा प्रश्न मी टाळला होता. अ‍ॅपलाचिया म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण भागापासून मिसिसिपीच्या उत्तरेपर्यंत पसरलेला डोंगराळ पट्टा. सरकारी व्याख्येनुसार त्यात १३ राज्यांतल्या ४२३ काउंट्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) येतात. २४ एप्रिल १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन इथून दीड-दोन तासांवरच्या आयनेझ नावाच्या गावी आले, एका बेकार माणसाच्या ओसरीवर बसले आणि गरिबीविरुद्धच्या आपल्या युद्धासाठी त्यांनी तिथूनच पाठिंबा मागितला. पुढच्याच वर्षी या भागासाठी एक स्वतंत्र आयोग नेमण्यात आला. माझ्या व्हिसाची शिफारस ज्या आयोगाने केली, तो हाच. म्हणजे त्या ओसरीवरच्या बैठकीचे एक शेपूट साठ वर्षांनी सांगलीच्या आपल्या घरापर्यंत येऊन पोचले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

लोक इथे ‘हॉलर’मध्ये राहतात. हॉलर म्हणजे दोन डोंगरांमधली अरुंद घळ, तिच्या तळाशी ओढा, ओढ्याला लागून एकच रस्ता आणि त्या रस्त्याच्या कडेने, मागचा डोंगर जेवढी जागा देईल तेवढ्यात बसवलेली घरे. कोळशाच्या खाणी जोरात होत्या तोवर घरात पगार येत असे. खाणी बंद होत गेल्या, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने तरण्या माणसांची एक अख्खी पिढी पोखरली. माझ्या ओपीडीत मुलाला घेऊन येणारी व्यक्ती आई असेल असे मी आता गृहीत धरत नाही. बहुतेक वेळा ती ‘मॅमॉ’ असते, म्हणजे आजी, आणि साठीनंतर पुन्हा दूधबाटल्या, लसी आणि शाळेचे फॉर्म यांच्या मागे लागल्यामुळे ती थकलेली असते.

शाळेत जेवण मिळते. आपल्याकडच्या शालेय पोषण आहारासारखीच ही व्यवस्था आहे. २०१४ पासून देशभर गरीब भागांतल्या शाळांना पालकांकडून उत्पन्नाचा कागद न मागता सगळ्याच मुलांना सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण फुकट देता येते. प्रश्न उरतो तो शुक्रवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंतचा, आणि आमची संस्था त्या अडीच दिवसांसाठी आहे.

ती सुरू केली शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी. बस चालवणाऱ्या माणसाला गावाविषयी जे ठाऊक असते ते मुख्याध्यापकांनाही नसते: कोणत्या वळणावर किती मुले चढतात, कोणाच्या अंगात जानेवारीतही नुसता सदरा आहे, कोणत्या घराच्या धुराड्यातून धूर येत नाही, आणि बसच्या मागे कोणाचे कुत्रे फाट्यापर्यंत धावत येते. एक मुलगा न्याहारीतला अर्धा बिस्किटपाव रोज कागदात गुंडाळून खिशात ठेवतो हे त्यांनी पाहिले. (इथले बिस्किट म्हणजे आपल्या लादीपावाचा जाडसर भाऊ.) दुपारी बसमधून उतरल्यावर तो पाव तो फाट्यावर वाट पाहत बसलेल्या कुत्र्याला देई. बाईंनी त्याला दोन पाव मिळतील अशी सोय केली, तर त्याने दीड कुत्र्याला देऊन अर्धा स्वतः खाल्ला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक शुक्रवारच्या पिशवीत, घरी कुत्रे असेल तर, तळाशी दोन वाट्या कोरडे कुत्र्याचे खाद्य असते. बाबा, संस्थेचे उद्दिष्ट दुहेरी का, याचे कागदावरचे उत्तर बरेच लांबलचक आहे, पण खरे उत्तर एवढेच.

दर शुक्रवारी साडेबारा ते दोन मी त्या तळघरात असते. लांब टेबलावर डबे मांडलेले असतात आणि आम्ही पाच-सहा जणी पिशवी पुढे सरकवत जातो: शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी, न नासणाऱ्या दुधाची छोटी खोकी, राजमा, सफरचंद. डबा असेल तर तो झाकणाला कडी असलेलाच हवा, हा तिथला पहिला नियम. तो मी पहिल्याच दिवशी मोडला होता, स्वस्त मिळाले म्हणून साधे डबे घेऊन गेले, तर बाईंनी एक डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “तुम्ही सात वर्षांच्या आहात आणि घरी कोणी उठलेले नाही. उघडा.” पिशवीचे वजनही बेताचेच ठेवावे लागते, कारण ती दप्तरात बसली पाहिजे. केंटकीत १९९० च्या शिक्षण कायद्यापासून शाळांमध्ये कुटुंबांच्या मदतीचे केंद्र असते. मुले मैदानावर गेली की तिथल्या समन्वयक बाई पिशव्या गुपचूप दप्तरांत ठेवून येतात. हातात पिशवी देण्याचा समारंभ होत नाही, आणि मुलांचे फोटोही काढले जात नाहीत.

फोटोंवरून आठवले. लोक कुत्र्यासाठी जितक्या चटकन पैसे देतात तितक्या चटकन मुलासाठी देत नाहीत, हे मला इथे येऊन समजले आणि अजून पचलेले नाही. पिंजऱ्यातल्या पिल्लाचा फोटो पाहून कुठल्या कुठल्या राज्यांतून देणग्या येतात. मुलांच्या पिशव्यांसाठी मात्र आम्हाला केक विकावे लागतात. पण कुत्र्यांसाठी म्हणून आलेला पैसा मुलांकडे वळवता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही किती पतसंस्थांच्या संचालकांना याच मुद्द्यावर घाम फोडला आहे. गेल्या वर्षी मला खजिनदार केले, तेव्हा आधीचा सगळा हिशेब बुटांच्या एका खोक्यात होता. मी तुमच्या पद्धतीने प्रत्येक व्हाउचरला क्रमांक दिला, मुलांचा निधी, कुत्र्यांचा निधी आणि सर्वसाधारण निधी अशी तीन खाती वेगळी केली, आणि धनादेशावर दोन सह्यांचा ठराव करून घेतला. वर्षाची जमा ५०,००० डॉलरच्या आत असलेल्या संस्थेला करखात्याकडे फक्त एक पोस्टकार्डवजा विवरण भरावे लागते. त्यामुळे इथे कोणी फारसे विचारत नाही, आणि कोणी विचारत नाही म्हणूनच हिशेब चोख ठेवावा लागतो, हे तुमचेच म्हणणे मी सभेत माझ्या नावावर खपवले.

आता कुत्र्यांकडे वळते. तुमचा त्यांच्यावरचा राग मला लहानपणापासून ठाऊक आहे. शाळकरी वयात पिसाळलेले कुत्रे चावले, मिरजेच्या दवाखान्यात बेंबीभोवती चौदा इंजेक्शने झाली आणि आज्जी रोज तुम्हाला कडेवर घेऊन गेली, ही गोष्ट तुम्ही आम्हाला इतक्यांदा सांगितली आहे की गल्लीतले कुत्रे दिसले की माझ्या पोटात अजून गोळा येतो. इथे कुत्र्यांतून कुत्र्यांत पसरणारा रेबीज संपल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले. आता तो वटवाघळे, स्कंक, रॅकून अशा रानटी जनावरांत उरला आहे. हे आपोआप झालेले नाही; पाळीव कुत्र्यांना वर्षानुवर्षे नेमाने टोचल्यामुळे झाले आहे, आणि जिथे सर्वांत जवळचा पशुवैद्य तासाभराच्या अंतरावर आहे, तिथे ते टोचणे कोणीतरी घडवून आणावे लागते. बालरोगतज्ज्ञ म्हणून माझा स्वार्थही यात आहे. पिल्लांच्या पोटातल्या जंतांची अंडी अंगणातल्या मातीत पडतात, ती मुलांच्या हातांवाटे पोटात जातात आणि क्वचित त्या जंतांची अळी डोळ्यापर्यंत पोचते. पिल्लाला जंताचे औषध पाजणे हे माझ्या ओपीडीतलेच काम आहे, फक्त रोगी वेगळा.

काउंटीच्या कोंडवाड्यात आलेले कुत्रे मालकाच्या शोधासाठी पाच दिवस ठेवावे लागते. त्यानंतर जागा नसेल तर काय होते, ते मी आईपुढे लिहीत नाही. म्हणून आम्ही काही कुत्री बाहेर काढून उत्तरेकडच्या राज्यांत पाठवतो, कारण तिकडे नसबंदी पूर्वीपासून नीट होत आल्याने पिल्लांना मागणी आहे. पशुवैद्याचा दाखला लागतो, आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात पोचल्यावर ४८ तास वेगळे ठेवावे लागते. पहाटे तीनला गाडी निघते आणि टप्प्याटप्प्याने चालक बदलतात. वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनपर्यंतचा टप्पा दोनदा माझ्याकडे होता. प्रवासाहून जिकिरीचे काम आधीचे आहे. पार्वो नावाचा विषाणू पिल्लांना दोन-तीन दिवसांत संपवतो आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून प्रत्येक पिंजरा एक गॅलन पाण्यात अर्धा कप ब्लीच घालून धुवावा लागतो आणि दहा मिनिटे ओला ठेवावा लागतो. व्हिडिओ कॉलवर आईने माझ्या हातांना काय झाले म्हणून विचारले होते, आणि मी थंडीने फुटले असे सांगितले होते. ते ब्लीचने फुटले होते. आता हातमोजे घालते.

हेमलकशाविषयी मी मुद्दाम काही बोलले नाही, कारण तुम्हीच मला पाचवीच्या सुट्टीत तिथे नेले होते. १९७३ पासून चाललेल्या त्या लोकबिरादरी प्रकल्पात माडिया मुलांची शाळा, दवाखाना आणि अनाथ झालेले वन्य प्राणी एकाच आवारात पाहून “माणसांच्या दवाखान्यात बिबट्याचे काय काम?” असे तुम्ही तेव्हा विचारले नाही. आमची संस्था त्या तोडीची नाही आणि मीही नाही. मी डॉक्टरकीचा पगार घेते आणि शुक्रवारी दीड तास डबे भरते. तेव्हा मला उगाच मखरात बसवू नका, एवढेच.

आणि २०१९ चा पूर आठवा. आपल्या मागच्या गल्लीतला दूधवाला म्हशी सोडून बोटीत बसायला तयार नव्हता, आणि तुम्ही गच्चीवरून त्याला ओरडत होता. इथे जुलै २०२२ मध्ये एका रात्रीत ओढे चढले आणि चाळिसांहून अधिक माणसे गेली. मी तेव्हा इथे नव्हते, पण प्रत्येक हॉलरमध्ये मला त्या रात्रीची गोष्ट ऐकायला मिळते आणि तिच्यात कुत्रे हमखास असते: कुत्र्यासाठी मागे फिरलेला कोणी तरी, नाहीतर कुत्र्याच्या भुंकण्याने जागे झालेले घर. कतरिना वादळाच्या अनुभवानंतर २००६ मध्ये इथे कायदाच झाला की आपत्तीच्या नियोजनात पाळीव जनावरांचाही विचार झाला पाहिजे. माणूस जनावर सोडून निघत नाही, ही साधी गोष्ट आपत्तीचे नियोजन करणाऱ्यांना फार उशिरा कळली. आपल्या दूधवाल्याला आणि इथल्या लोकांना ती आधीपासूनच ठाऊक होती.

एक चूक मात्र मला सांगायला हवी, कारण माझे इथे राहणे तिच्याशी जोडलेले आहे. गेल्या हिवाळ्यात घाऊक भावात मिळाले म्हणून मी मुलांसाठी एकाच तऱ्हेचे नारिंगी कोट घेतले. आठवडाभरात नारिंगी कोट म्हणजे कोण, हे शाळेतल्या प्रत्येकाला कळले. एका मॅमॉने नातीचा कोट धुऊन, वाळवून, चौकोनी घडी घालून तळघराच्या पायरीवर आणून ठेवला आणि “आमच्या घरात कोट आहेत” एवढेच बोलून त्या निघून गेल्या. त्यांच्या घरात कोट नव्हता, हे मला आणि त्यांना दोघींनाही ठाऊक होते.

पुढे एप्रिलमध्ये त्याच बाई आमच्या लसीकरणाच्या दिवशी आल्या, नवऱ्याचे शिकारी कुत्रे घेऊन. नवरा खाणीत होता आणि कोळशाच्या धुळीने फुफ्फुसे निकामी होऊन गेला, कुत्रे उरले. तपासणीत त्याच्या हृदयात जंत निघाले. डासांवाटे होणारा हा रोग महिन्याला एक गोळी दिली तर टळतो, पण एकदा झाला की कमरेच्या स्नायूत सोमलाच्या औषधाची तीन इंजेक्शने द्यावी लागतात: एक आधी, आणि महिन्याने लागोपाठ दोन दिवस दोन. तेवढे महिने कुत्र्याला पळू द्यायचे नसते. खर्च हजार डॉलरच्या घरात जातो. म्हाताऱ्या कुत्र्यावर एवढा पैसा घालू नये असे मत सभेत मी दिले, खजिनदार म्हणून ठणकावून दिले. बसवाल्या बाईंनी माझे ऐकून घेतले आणि निधी कुत्र्यांचाच असल्यामुळे ठराव मंजूर करून घेतला.

इंजेक्शनांच्या निमित्ताने मी त्या घरी जाऊ लागले. स्वतःसाठी सुतळीचा तोडाही न घेणारी ती बाई कुत्र्यासाठी मात्र सगळे घेत होती, कारण कुत्रे नवऱ्याचे होते आणि नवऱ्याच्या वतीने घेण्यात तिला कमीपणा वाटत नव्हता. नातीने फ्रिजवर तक्ता लावला होता आणि कुत्रे अंगणात पळाले की ती त्या दिवसापुढे लाल फुली मारी. तिसऱ्या खेपेला ती तक्ता दाखवत असताना मला तिच्या छातीतली घरघर ऐकू आली. दमा होता, आणि कित्येक महिने तो कोणी तपासला नव्हता. आता ती माझ्या ओपीडीत येते. या हिवाळ्यात तिच्या अंगात निळा कोट आहे. तो कुत्र्याच्या गोळ्यांच्या खोक्यातून गेला, आणि त्याविषयी आम्ही कोणी काही बोललो नाही. बाबा, जून संपला म्हणून मी गेले, तर या जागी दुसरा बालरोगतज्ज्ञ यायला किती काळ लागेल ते कोणी सांगू शकत नाही, आणि आला तरी त्या घरात शिरायला त्याला पुन्हा एखादे कुत्रे आजारी पडावे लागेल. म्हणून दोन वर्षे म्हणते आहे. दिवाळीला मात्र नक्की येते, तिकीट काढले आहे.

हिशेबाची एक प्रत या पत्रासोबत पाठवत आहे. डिसेंबरअखेरची तेरीज १८ डॉलर ४० सेंटने जुळत नाही. मी तीन रात्री बसले, तरी चूक सापडली नाही. डोळे नीट झाले आणि डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली की एकदा पाहा. मला संशय कुत्र्यांच्या निधीतल्या पेट्रोलच्या व्हाउचरांचा आहे, पण तुम्ही पहिल्यापासून पाहा.

आणि आई, तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती. आज्जीच्या इरकली लुगड्यांची तू शिवून दिलेली गोधडी मी गाडीच्या मागच्या आसनावर कुत्र्यांखाली घालत होते. त्या मॅमॉने ती पाहिली आणि असे हातशिलाईचे काम कुत्र्याखाली घालतात का, म्हणून मला अंगणात उभे करून झाडले. तू झाडले असतेस तसेच. त्यांच्याकडे गोधड्या शिवण्याची परंपरा आहे आणि त्यांच्या हाताला ते काम कळते. त्यांनी गोधडी ठेवून घेतली आणि पंधरा दिवसांनी धुऊन, चौकोनी घडी घालून परत दिली. एक कोपरा उसवला होता, तो तुझ्या धावदोऱ्याच्या टाक्याला टाका लावून शिवला होता. त्या नेहमी मधून सुरुवात करून कडेकडे जातात, म्हणजे चुणी पडत नाही, असे त्या म्हणाल्या. तू कडेकडून आत शिवत येतेस की मधून बाहेर जातेस, असे त्यांनी विचारले आणि मला सांगता आले नाही. पुढच्या पत्रात कळव. जमले तर एक कोपरा शिवतानाचे फोटो भाचीला काढायला सांग आणि पाठव.

तुमची,
धाकटी